डोंगरउतारावरचे परसू

गोव्याचा नकाशा दुरून पाहणाऱ्यास समुद्रकिनारा तेवढा दिसतो. गोव्यात राहणाऱ्यास मात्र पावलोपावली उतार भेटतो. आमच्या पूर्वजांनी भूमीची वाटणी मोठ्या शहाणपणाने केली होती. खाडीकाठची खाजने आणि खोऱ्यांतील सपाट मळे त्यांनी भाताला दिले, डोंगरमाथा रानाला सोडला, आणि स्वतःचे घर या दोहोंच्या सीमेवर, म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी बांधले. जी जमीन नांगराला उपयोगी नाही ती माणसाने राहण्यास घ्यावी, असा तो हिशेब. या हिशेबामुळे आमच्या बहुतेक घरांचे परसू, ज्याला आमच्या कोकणीत ‘पोरसूं’ म्हणतात, मागच्या दारापासून थेट डोंगर चढू लागते.

आमचे घरही याला अपवाद नाही. फोंडा तालुक्यातील एका लहान गावात आमचे वडिलोपार्जित घर आहे. त्याच्या मागे वीस मीटर रुंद आणि पंधरा मीटर खोल अशी जागा असून तेवढ्या अंतरात जमीन पाच मीटर उंच चढते. म्हणजे आडवे तीन मीटर जावे तर उभा एक मीटर चढावा लागतो. पुस्तकी भाषेत हा सुमारे साडेअठरा अंशांचा उतार झाला. आमच्या आईच्या भाषेत सांगावयाचे तर ‘कळशी घेऊन चढलो तर निम्मीच उरते’ इतका. अनेक वर्षे या जागेत रानमोडी आणि घाणेरी यांचेच राज्य होते. झुडपांच्या आड दोन जुन्या बांधांचे अवशेष होते, आणि सर्वांत वर, आईने लग्न होऊन आल्यावर लावलेले एक भिरंडीचे झाड. गुडघे धरल्यापासून आई त्या झाडापर्यंत गेलेली नव्हती. मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसून ती वर पाहत असे, आणि भिरंडे पडून कुजतात म्हणून हळहळत असे.

या जागेची बाग करावी असे घरात ठरले तेव्हा प्रत्येकाच्या मनातील बाग निराळी होती. वहिनींना स्वयंपाकघरापासून हाकेच्या अंतरावर कढीपत्ता, मिरची, तांबडी भाजी आणि कपडे वाळविण्यास उन्हाची जागा हवी होती. बंधूंना पोफळी आणि मिरवेल हवे होते. पुतण्याला क्रिकेट खेळण्यास अंगण हवे होते, तर पुतणीला कोणी हाक मारणार नाही असा पुस्तक वाचण्याचा कोपरा. आईने काहीच मागितले नाही. आम्ही फार आग्रह केला तेव्हा ती एवढेच म्हणाली, “तुमी करात, हांव हांगाच्यान पळयतां.” तुम्ही करा, मी इथूनच पाहते. सर्वांच्या मागण्यांपेक्षा हे न मागणेच आमच्या मनाला अधिक लागले. बाग कितीही सुंदर झाली तरी जर आईने ती उंबऱ्यावरूनच पाहावयाची असेल, तर ती आमच्या घराची बाग कशी म्हणावी?

प्रथम एका कंत्राटदारास जागा दाखविली. त्याने क्षणार्धात प्रश्न सोडविला. डोंगर सरळ कापावा, मागे पाच मीटर उंचीची काँक्रीटची भिंत उभी करावी, आणि पुढे सगळे सपाट करून हिरवळ लावावी, असा त्याचा सल्ला. ऐकावयास हे सोपे वाटले. परंतु भिंतीचे गणित निराळे असते. भिंतीमागील मातीचा दाब खोलीबरोबर वाढत जातो, त्यामुळे भिंतीवर पडणारा एकूण भार उंचीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. एक मीटर उंच भिंतीवरील भार एक मानला, तर पाच मीटर उंच भिंतीवर तो पंचवीस होतो. उलट, एकेक मीटर उंचीच्या पाच भिंती पुरेसे अंतर सोडून बांधल्या तर सर्वांचा मिळून भार पाचच राहतो. नववीच्या वर्गातील कोणताही विद्यार्थी हे गणित सोडवू शकेल. शिवाय पाच मीटरांच्या भिंतीपलीकडे आईचे भिरंडीचे झाड गेले असते, आणि आमची बाग म्हणजे विहिरीच्या तळाशी अंथरलेला हिरवा गालिचा झाली असती.

उतार हा खेळ नव्हे, हे तर अलीकडच्या वर्षांनी आपल्याला फार कठोरपणे शिकविले आहे. 30 जुलै 2014 रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण हे गाव कड्याखाली गडप झाले आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. बरोबर दहा वर्षांनी, 30 जुलै 2024 रोजी, केरळातील वायनाड जिल्ह्यात डोंगर कोसळून शेकडो लोक प्राणांस मुकले. अशा मोठ्या आपत्तींची कारणे अनेक असतात. परंतु भरपूर पाणी पिऊन जड झालेली माती उतारावर टिकून राहत नाही, हे मूळ सर्वत्र एकच. गोव्यात डोंगर कापण्यापूर्वी नगरनियोजन कायद्यान्वये लेखी परवानगी घ्यावी लागते, ती याच कारणाने. आम्हीही रीतसर अर्ज केला, आणि डोंगर शक्य तितका कमी दुखवावयाचा असे ठरवून कामास लागलो.

पहिले काम मोजणीचे. याकरिता आम्ही कोणतेही महागडे यंत्र आणले नाही. दोन सारख्या लांबीच्या काठ्या वर एकत्र बांधल्या, मध्ये एक आडवी पट्टी ठोकली आणि शेंड्यापासून दोरीला दगड टांगला. झाले आमचे यंत्र तयार. देवनागरीतील कोणत्याही अक्षरापेक्षा ते रोमन लिपीतील पहिल्या अक्षरासारखे दिसते. त्याचे दोन पाय जमिनीवर ठेवून दोरी पट्टीला जेथे छेदते तेथे खूण करावी. मग पायांची अदलाबदल करून दुसरी खूण करावी. दोन्ही खुणांचा मध्य हाच समपातळीचा बिंदू. पुढे एक पाय स्थिर ठेवून दुसरा असा फिरवीत जावयाचा की दोरी बरोबर मध्यावर यावी, आणि प्रत्येक ठिकाणी खुंटी ठोकावयाची. पुतण्या आणि पुतणी यांनी एका रविवारी अशा पाच रांगा खुंट्या ठोकल्या. गंमत अशी की एकही रांग सरळ आली नाही. सर्व रांगा डोंगराच्या पोटाप्रमाणे वाकलेल्या होत्या, आणि जुन्या दोन बांधांचे अवशेष त्यांतील दोन रांगांवर जवळजवळ तंतोतंत बसले. ज्यांनी ते बांध घातले त्यांनी समपातळीची रेषा कशी काढली असेल कोण जाणे; परंतु ती चुकली नव्हती.

येथे आईने प्रथमच तोंड उघडले. तिचे माहेर सावईवेऱ्याकडचे, आणि बालपण कुळागरात गेलेले. कुळागर म्हणजे काय हे गोव्याबाहेरील वाचकांस सांगावयास हवे. डोंगरांच्या बेचक्यात, जेथे झऱ्याचे पाणी बारमाही मिळते, तेथे उतारावर पायऱ्या पाडून पोफळी, माड, केळी, मिरवेल, जायफळ, अननस आणि फणस एकत्र लावलेले असतात. वर उंच झाडांची सावली, मधल्या थरात पोफळीवर चढलेले मिरवेल, खाली अननस आणि हळद. आणि या सर्वांमधून पाटाचे पाणी आपल्याच वजनाने उतरत जाते. आम्ही जी विद्या पुस्तकांतून गोळा करीत होतो ती आईच्या अंगात लहानपणापासून मुरलेली होती. आमचा आराखडा पाहून ती म्हणाली, “झाडां मागीर. पयलीं उदकाक वाट दियात. वाट मेळ्ळ्यार तें घर सोदचें ना.” झाडे नंतर, आधी पाण्याला वाट द्या, वाट मिळाली तर ते घर शोधणार नाही. त्या दिवसापासून आराखडा तिच्या पुढ्यात गेला आणि आम्ही सर्व तिचे गडी झालो.

पाण्याचे आकडे पाहिले तर तिचे म्हणणे किती सार्थ होते ते कळेल. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. आमच्या भागात वर्षाकाठी 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. आमची जागा 300 चौरस मीटर. म्हणजे केवळ तिच्यावरच पावसाळ्यात सुमारे नऊ लाख लिटर पाणी कोसळते, आणि खाली त्याच्या वाटेत आमचे घर! म्हणून सर्वांत वर, रानाच्या कडेला, डोंगरावरून येणारे पाणी अडवून बाजूस नेणारा एक चर खणला. प्रत्येक पायरी बाहेरच्या बाजूस न झुकविता किंचित आत, डोंगराकडे झुकविली. त्यामुळे पाणी कडेवरून न कोसळता वरच्या भिंतीच्या पायथ्याशी असलेल्या पाटात जमते आणि तेथून पश्चिमेच्या व्हाळाकडे वळते. व्हाळाकडे उतरणाऱ्या वाटेतही चिऱ्यांचे टप्पे ठेवले. माणसाप्रमाणे पाण्यालाही पायऱ्यांनी उतरविले की ते दांडगाई करीत नाही.

भिंतींकरिता चिरा वापरला. हा जांभा दगड म्हणजे कोकण-गोव्याचे खरे वैभव. फ्रान्सिस बुकानन याने मलबारातील अंगाडिपुरम येथे पाहिलेल्या या दगडाला 1807 साली ‘लॅटराइट’ हे नाव दिले. लॅटिन भाषेत विटेला जो शब्द आहे त्यावरून हे नाव आले. कारण जमिनीत असताना तो मऊ असून कापता येतो आणि हवा लागली की विटेप्रमाणे कठीण होतो. आमच्या भिंती मीटरभर उंच, पायाशी अर्धा मीटर जाड आणि वर जाताना सुमारे 15 सेंटिमीटर डोंगराकडे कललेल्या आहेत. त्यांत चुना नाही की सिमेंट नाही. भिंतीमागे चिऱ्यांच्या तुकड्यांचा थर भरला आहे. बांधणारे मेस्त वयोवृद्ध होते. ते म्हणाले, “भिंतीने माती धरावी, पाणी धरू नये.” सांध्यांतून पाणी पाझरून जाते, मागे साठत नाही, आणि म्हणूनच साधी कोरडी भिंत टिकते.

आता वाटणीचा प्रश्न आला. पायऱ्या पाच, भिंतीची जाडी वजा जाता प्रत्येक अडीच मीटर रुंद. खालची पायरी घराला सर्वांत जवळ, म्हणून तिच्यावर सर्वांचाच डोळा. पुतण्याने शास्त्रशुद्ध बाजू मांडली: क्रिकेटची खेळपट्टी 22 यार्ड, म्हणजे 20.12 मीटर लांब असते. आपली पायरी 20 मीटर. बारा सेंटिमीटरांची तूट आपण सोसू. वहिनी म्हणाल्या, ताज्या कोथिंबिरीसाठी कोणी डोंगर चढत नाही. वाद चांगलाच रंगला. शेवटी ज्याला रोज अनेकदा जावे लागते ते खाली, ज्याला आठवड्यातून एकदा जावे लागते ते वर, आणि ज्याचे पाय सर्वांत चांगले त्याने सर्वांत जास्त चढावे, असा न्याय झाला. पहिली पायरी आई आणि वहिनी यांची; दुसरी मुलांची; तिसरी भाजीपाल्याची; चौथी पोफळी, केळी आणि अननस यांची; पाचवी भिरंड, फणस आणि पुतणीच्या वाचनाची. चेंडू खालच्या तांबड्या भाजीत पडला तर दंड म्हणून दोन कळशा पाणी घालावे, असाही ठराव झाला. गेल्या वर्षभरात आमच्या तांबड्या भाजीला पाणी कधीच कमी पडलेले नाही.

पहिल्या पायरीवर आईला चालत जाता यावे म्हणून भिंतीच्या कडेने एक उतरण केली. मीटरभर चढण्यास बारा मीटर लांबीची वाट, असे प्रमाण चाकाच्या खुर्चीकरिता सुद्धा योग्य मानले जाते. तेच आम्ही घेतले आणि बाजूला हाताला धरावयास कठडा लावला. तेथील वाफे चिऱ्यांनी गुडघ्यांहून थोडे उंच उचलले, म्हणजे शेजारच्या बाकावर बसून निंदणी करता येते. तेथून वर पायऱ्याच आहेत. प्रत्येक पायठ्याची उंची सतरा सेंटिमीटरांहून कमी. दर मीटरला सहा पायठे. आणि प्रत्येक टप्प्यावर बसावयास चिऱ्याचा एक सोपो.

लागवडीत एक गोष्ट विशेष पाळली. सुरण, कणगी, हळद अशी खणून काढावयाची पिके कडेला लावली नाहीत. कारण ती काढताना कडेची माती दरवर्षी सैल होते. कडेला वाळा आणि गवती चहा लावला. वाळ्याची मुळे सरळ खाली खोल जातात आणि मातीला शिवण घातल्यासारखी धरून ठेवतात. भिंतीजवळ मोठे झाड नाही. घराच्या छपरावर नारळ पडेल अशा जागी माड नाही. न्हाणीचे पाणी जेथे जाते तेथे अळू आणि केळी. खताचा खड्डा मुद्दाम वर ठेवला, कारण खत खाली आणणे सोपे, वर नेणे कठीण. पाण्याची टाकीही वरच. सकाळी विहिरीचे पाणी पंपाने एकदा चढविले की पुढील काम गुरुत्वाकर्षण विनावेतन करते. उन्हाळ्यात सर्व वाफ्यांवर पालापाचोळा आणि नारळाची सोडणे पसरतो; त्यामुळे ओल टिकते, आणि वळवाचे टपोरे थेंब मातीवर न आदळता पाचोळ्यावर आदळतात.

काम एप्रिलअखेर संपले आणि जूनमध्ये मृगाने परीक्षा घेतली. ती रात्र आम्ही कोणीच झोपलो नाही. विजेचे दिवे गेलेले, आणि कौलांवर पाऊस असा की शेजारच्याचे बोलणे ऐकू येऊ नये. आम्ही मागच्या दारात बॅटरी घेऊन उभे होतो, आणि आई आपल्या जागी उंबऱ्यावर. बंधू दर अर्ध्या तासाने छत्री सावरीत जाऊन पाट पाहून येत. प्रारंभी पाणी गढूळ तांबडे होते. पहाटेच्या सुमारास ते निवळू लागले, आणि भिंतींच्या सांध्यांतून बारीक धारा झिरपताना दिसल्या. व्हाळ गर्जत होता; आमचे अंगण मात्र, आभाळातून त्यावर थेट पडले तेवढेच पाणी सोडले तर, कोरडेच म्हणावे असे होते. आई उठली आणि म्हणाली, “तांका वाट मेळ्ळी.” मग तिने चहाचे आधण ठेवावयास सांगितले.

यंदाच्या वैशाखात भिरंडे पिकली तेव्हा तिने आपण होऊन काठी मागितली. उतरणीने ती पहिल्या पायरीवर रोज जातच होती. त्या दिवशी ती पुढे निघाली. पुतण्या एका बाजूस आणि पुतणी दुसऱ्या बाजूस. प्रत्येक सोप्यावर ती बसली. कोठे बराच वेळ, कोठे थोडा. वाटेत तिने अननसाची एक रांग चुकल्याचे बंधूंना दाखविले आणि एक मिरवेल पुन्हा बांधून घेतला. पाऊण तासाने ती झाडाखाली पोहोचली. आमची अपेक्षा होती की ती काही भावपूर्ण बोलेल. तिने खाली पाहिले, पदर खोचला आणि म्हणाली, “पाटली हाडूंक ना?” टोपली आणली नव्हती. मुलगा चोवीस पायठे उतरून खाली धावला. त्या वर्षीची सोलां आमच्या घरी तिच्या हातची झाली.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरामागे असाच एखादा उतार झुडपांत पडून असेल. त्याला निरुपयोगी म्हणण्यापूर्वी दोन काठ्या, एक दोरी आणि एक दगड घेऊन त्याची ओळख करून घ्या. पावसात छत्री घेऊन उभे राहा आणि पाणी कोणत्या वाटेने जाते ते वहीत काढून ठेवा. आणि मुख्य म्हणजे, घरातील वडीलधाऱ्या माणसांना विचारा. आमच्या मुलांनी त्या एका उन्हाळ्यात भूमिती, पदार्थविज्ञान आणि वनस्पतिशास्त्र यांचे जे धडे घेतले, त्यांतील निम्मे ज्यांनी शिकविले त्या आमच्या आईचे शिक्षण मराठी तिसरीपर्यंतचे आहे. ती सध्या सहाव्या पायरीचा विचार करीत आहे. वर रान आहे, ते रानच राहू द्यावे असे आम्ही म्हणतो. त्यावर ती म्हणते की रानाच्या कडेला एक जायफळ लावावयास काय हरकत आहे. हा वाद अद्याप मिटलेला नाही.